घड्याळाला कळू देऊ नकोस

प्रिय ताई,

तुला मनापासून नमस्कार. खरं तर वाकून करायचा, पण हल्ली मला वाकायची चोरी झाली आहे. पटकन वाकलं की मनगटावरच्या घड्याळाला वाटतं मी पडले, आणि ते त्याचा बोभाटा करतं. (ते सविस्तर पुढे येतंच.) तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाई गोळ्या वेळेवर देते ना? भावोजींचा खोकला गेला, की अजून त्यांच्याबरोबरच राहतो? माझी तब्येत ठणठणीत आहे. अक्षर वाकडंतिकडं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन नवीन आहे आणि टेबलाचा एक पाय आखूड आहे.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तू म्हणशीलच. मला फोनवर बोलायची भीती वाटते. हसू नकोस. लेकीने माझ्या फोनचं आणि त्या घड्याळाचं लग्न लावून दिलंय, आणि नवराबायको मिळून माझ्या चुगल्या तिला पोचवतात. मी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला. दोन माणसं तारेवर बोलायला लागली की मधली बाई ऐकते, हे मला कोणी सांगायला नको, ती मधली बाई मीच होते. (तुझं लग्न ठरत होतं तेव्हा भावोजींच्या वडिलांनी कुठे कुठे चौकशा केल्या, ते तुला आधीच कुठून कळलं होतं? आठव.) आता ती बाई निवृत्त झाली आणि तिच्या खुर्चीवर घड्याळ येऊन बसलं. तेही चोवीस तास, चहाला न उठता.

हे घड्याळ जावयांनी पाठवलं. सुट्ट्यांची भेट म्हणे, फक्त सुट्ट्यांच्या बऱ्याच आधी. प्रेमाने पाठवलं, नाही कशाला म्हणू? पण पहिल्याच दिवशी कळलं की हे वेळ सांगायला आलेलं नाही, माझी बातमी काढायला आलंय. झोपले किती, चालले किती, छाती किती धडधडली, सगळं टिपतं आणि लेकीला कळवतं. दुपारी जरा खुर्चीत टेकले की तिचा निरोप येतो, आई, आज बसूनच का? अगं, मी माझ्या खुर्चीत माझ्या पैशांनी घेतलेल्या उशीवर बसले आहे! पण हे म्हणायची सोय नाही, कारण मागच्या खेपेपासून तिने एक वाक्य पाठ केलंय: आई, एकटीने राहणं आता पुरे. तिच्याकडे माझ्यासाठी खोली तयार आहे. चौदाव्या मजल्यावर. तिला खिडकी आहे, पण ती उघडत नाही. एसी आहे ना, मग कशाला उघडायची, असं जावई म्हणाले. ताई, न उघडणाऱ्या खिडकीशी बसून मी काय पाहू, आणि कोणाला हाक मारू?

त्यातून वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या. लेक, जावई, नातवंडं सगळी इथे येणार. एरवी मी नाचले असते, पण यंदा पाहुणे नाहीत, तपासणी पथक येतंय असं वाटायला लागलं. मी ठरवलं, घर असं लखलखीत करायचं की एकटीला झेपत नाही असं म्हणायची कोणाची हिंमत होता कामा नये. माळा उपसला, पडदे धुवायला टाकले, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात घातल्या, आणि मग सतरंजी गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने झोडपायला घेतली. (तुला माहीत आहेच, सतरंजी झोडपताना मी मनात एकेका माणसाचं नाव घेते. फार बरं वाटतं.) एक्स्चेंजच्या जुन्या साहेबांपर्यंत आले होते, तेवढ्यात मनगटाला कापरं भरलं. घड्याळावर काहीतरी लिहून आलं, पण चष्मा खाली. मी म्हटलं, असेल वेळ वगैरे, आणि साहेबांना आणखी दोन घातल्या.

त्यावर लिहिलं होतं की तुम्ही जोरात पडलेल्या दिसता, ठीक असाल तर इथे बोट लावा. मी बोट लावलं नाही. मग त्याने लेकीला फोन लावला, लेकीने खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना लावला, आणि डॉक्टर हातातलं सगळं टाकून जिने चढत वर आले. मागोमाग त्यांची कंपाउंडर, आणि तिच्यामागे एक गृहस्थ, गळ्यात रुमाल, तोंडात कापूस. त्यांना एकटं बसायची भीती वाटली म्हणून तेही आले. काकू, हलू नका, असं डॉक्टर दारातूनच ओरडले. मी काठी उगारून उभी! कापूसवाले गृहस्थ घाबरून परत जिन्यात. शेवटी मीच सगळ्यांना चहा केला. (गृहस्थांना गार करून दिला.)

हसण्यावारी गेलं असतं, पण त्यानंतर लेकीचा फोन आला. ओरडली असती तर मी चार शब्द परत ऐकवले असते. पण ती ओरडली नाही. म्हणाली, सुट्टीत आले की आपण शांतपणे बोलू. ताई, आपल्या आईने कधी शांतपणे बोलू असं म्हटल्यावर आपलं भलं झालंय का? (छाती धडधडली तर तेही तिकडे कळणार, म्हणून मी छातीवर उशी दाबून बसले.)

मग मी घड्याळाच्या पोटात शिरायचं ठरवलं. एवढी मोठी एक्स्चेंज चालवली, हे बोटभर यंत्र काय चीज आहे! सेटिंगमध्ये गेले. पडणं बंद करायचं बटण शोधता शोधता आधी भाषाच बदलली, कुठली ते देव जाणे, सगळी अक्षरं गोगलगाईसारखी. अंदाजाने दाबत गेले तर माझं वय एकोणीस झालं. ते मात्र तसंच ठेवावं असं मनात आलं, पण एकोणीस वर्षांच्या मुलीने रोज किती चालावं याचे घड्याळाचे विचार फार कडक निघाले. दिवसभर गुरगुरायचं. पडणं काही बंद झालं नाही. उलट माझ्या आळसाची बातमी जास्तच तिखटमीठ लावून लेकीला जाऊ लागली.

आता पुढचं वाचून तू कपाळावर हात मारशील, पण भीतीपोटी माणूस काय काय करतो ते तुला ठाऊक आहे. समोरच्या शिंपीणबाईंचा कुत्रा आहे. त्याला सगळे वकील म्हणतात, कारण तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाशी वाद घालतो. दिवसभर गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला उगाच धावपळ. मी विचार केला, याचं चालणं वायाच जातंय! सकाळी घड्याळ त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला बांधायचं, आणि दुपारी तो आला की बिस्किट देऊन काढून घ्यायचं, असा आमचा करार झाला. वकील दिल्या शब्दाला जागणारा निघाला. बिस्किटाची वेळ त्याने एकदाही चुकवली नाही.

आणि काय सांगू, लेकीचा सूरच पालटला! आई, कमाल केलीस. आई, तुझं वय कमी होतंय. एकदा वकिलाने बराच वेळ मागच्या पायाने कान खाजवला असावा, तर तिने विचारलं, आई, तू सायकल चालवायला लागलीस? मी हो म्हटलं. काय करणार? सायकल नाही म्हटलं तर काय होतं ते सांगावं लागलं असतं. (तो एखाद्या मांजरामागे लागायचा तेव्हा माझ्या छातीचं काय झालं असतं कोण जाणे, पण कुत्र्याच्या केसांतून घड्याळाला ठोके ऐकू येत नव्हते. ते नुसतं पट्टा घट्ट बांधा म्हणायचं.) शांतपणे बोलायचा विषय लेकीने पुन्हा काढला नाही. घर वाचलं, असं मला वाटलं. पण भीती मात्र गेली नाही. तिने रूप बदललं. आता ती सुट्टीत येईल आणि सायकल चालवणारी आई पाहायला मागेल, या विचाराने झोप उडाली.

बाकी सगळं ठीक. पडदे धुऊन झाले, बरण्या भरल्या, गाद्या जागच्या जागी. गॅलरीत दिव्यांची माळ तेवढी अर्धी लागली आहे, अर्धी लोंबते आहे. उरलेली लावायची आहे. सूनबाईला आशीर्वाद, भावोजींना नमस्कार, आणि गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझीच,
धाकटी

ता. क. – लेक सायकल घेऊन येते आहे. खरोखरची. निळी. नातवंडांनी मिळून निवडली.

ता. क. २ – टेबलाचे पाय चारही सारखे आहेत. तुझ्याशी खोटं बोलून मला कधी पचलं आहे का? दिव्यांची माळ लावताना मी स्टुलावरून पडले. उजवा हात अंगाखाली. फोन टेबलावर, आणि घड्याळ वकिलाच्या गळ्यात. गॅलरीच्या लाद्यांवर मी पडून होते आणि खालून तो कुठेतरी भुंकत धावताना ऐकू येत होता. हाका मारल्या, पण खाली दातांच्या यंत्राचा आवाज चालू, कोणाला ऐकू जाणार? मग टेबलावर फोन टिंग टिंग वाजला. मला वाटलं, लेकीला कळलं! जिवात जीव आला. तो निरोप मी नंतर वाचला. लिहिलं होतं, शाब्बास आई, आज तर तू सगळे विक्रम मोडलेस. ताई, मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते गं.

शेवटी बिस्किटाची वेळ झाली तेव्हा वकील दाराशी आला. बिस्किट मिळेना म्हणून त्याने असा काही वाद घातला की डॉक्टर त्याला हाकलायला वर आले, आणि त्यांना माझी हाक ऐकू आली. त्यांनीच गाडीतून इस्पितळात नेलं. हात प्लास्टरमध्ये आहे. डॉक्टर भले गृहस्थ, पण म्हणाले, काकू, लेकीला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. हे सगळं पत्र डाव्या हाताने लिहिलंय.

ता. क. ३ – तू लेकीच्या आधी येऊन पोच. भावोजींनाही आण, खोकल्यासकट. तिला मीच सांगेन, सगळं, कुत्र्यासकट. फक्त सांगताना तू शेजारी बस. खिडकी उघडणाऱ्या घरात राहायचंय मला, पण त्या लादीवर पुन्हा एकटीने पडायचं नाही. या दोन्हींच्या मधलं काहीतरी तुम्ही दोघी मिळून शोधा, मला आता सुचत नाही.

ता. क. ४ – घड्याळ परत माझ्या हातात आहे. डाव्या. मी लिहिते आहे आणि त्याला वाटतं आहे की मी चालते आहे. त्याच्या हिशेबाने एव्हाना मी तुझ्या दारात पोचले असेन. पण दारात मी नाही गं. तूच ये.