खिडकीतला नवा दगड

साँ-व्हेरां, मंगळवार

प्रिय बाबा,

पाकिटावर लिऑनचा शिक्का नाही म्हणून घाबरू नका. मी धडधाकट आहे, भरपूर जेवतो. तुमचा खोकला कसा आहे?

मी इथं रेनेसाँ काळातल्या घरांच्या दगडी खिडक्या दुरुस्त करतो. परवा समोरच्या दारात सोलांज, माझं जिच्यावर प्रेम आहे ती मुलगी, दुसऱ्याच कुणाशी हसत होती. रागाच्या भरात मी हातोडा असा हाणला, की खिडकीचा मधला कोरीव खांबच दुभंगला. माझे पाथरवट उस्ताद म्हणाले, "प्रेमवीर, आता मालकिणीला तुम्हीच सांगा."

मादाम पेरिये म्हणाल्या, "सासूबाई असत्या तर तुला याच खिडकीतून फेकला असता. नवा घडव."

घडवला. नव्या दगडाच्या पाठीवर यंदाचं साल कोरायचं असतं, जुना समजून कुणी फसू नये म्हणून. ते कोरताना तुम्हाला फसवणारी माझी पत्रं आठवली.

बाबा, सोलांजपायी मी मार्चमध्येच लिऑनचं कॉलेज सोडलं. परीक्षांची ती पत्रं मी इथून लिहायचो आणि मित्र लिऑनहून टाकायचा.

आई अजून पाववाल्याला "आमचा आर्किटेक्ट" असं सांगते का? तिला काही बोलू नका. रविवारी येऊन मीच सांगतो.

तुमच्यासमोर मान खाली घालून,
एतियेन