दुसरी कुबडी

सोमवार, ३ मार्च

कुबड्यांची जोडी तयार झाली. शेवटच्या वर्षाच्या सगळ्या गटांत हा एकच प्रकल्प वेळेवर! गटाची म्होरकी तक्तेबाई. हे नाव माझं, मनातल्या मनात ठेवलेलं. काहीही विचारा, पोरगी आधी धातूंच्या गुणधर्मांचा तक्ता उघडते. कुबड्या तिच्या वडिलांसाठी आहेत. त्यांना एक पाय गुडघ्याखाली नाही, आणि लाकडी जोडीनं खांदे भरून येतात. म्हणून हलकं ॲल्युमिनियम.

एक हातात घेतली आणि दिसलं. मूठ नळीला वेल्ड केलीय. तक्त्यातली ताकद कोऱ्या नळीची. वेल्डिंगच्या आचेनं सांध्याजवळ ती निम्म्यावर येते. हिशेबात त्याचा पत्ताच नाही.

"गुरुवारी भार लावून बघू," एवढंच म्हणाले. मी उत्तर कधीच सांगत नाही. मशीनवर स्वतःच्या डोळ्यांदेखत मोडलं की पोरं जन्मात विसरत नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

जेवताना ह्यांना सांगितलं. म्हणाले, "सांगून टाक ना पोरीला. शिकवतेस की पाळत ठेवतेस?" डोकंच फिरलं माझं. बँकेत बसून ह्यांना काय कळणार! पण घास गोड लागला नाही, हेही खरं.

बुधवार, ५ मार्च

ती व्हरांड्यात भेटली. तोंडाशी आलं होतं. गिळलं.

गुरुवार, ६ मार्च

भार चढत गेला, मूठ कलली, सांधा कडकन फाटला — वडिलांच्या वजनाइतका भार यायच्या बऱ्याच आधी. बाकीची पोरं हसली. मी खडू उचलला. याच क्षणासाठी तर सगळा खटाटोप.

तक्तेबाई पांढरीफटक. "मॅडम, दुसरी घरी आहे. सोमवारीच नेली. पप्पा एक जुनी, एक ही, अशा घेऊन चालतात. जिनासुद्धा."

फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. तिला स्कूटरवर मागे बसवलं. माझ्यामुळे एक माणूस जिन्यावरून कोसळला असेल — दुसरं काही डोक्यात येईना.

दार त्यांनीच उघडलं. भिंतीला धरून, एका पायावर. फोनपर्यंत पोचेस्तोवर तो बंद व्हायचा, म्हणाले. मी तिथेच पायरीवर बसले.

ती पाणी आणायला आत गेल्यावर हळूच म्हणाले, "मूठ जरा हलायला लागली, म्हणून सकाळी बाजूला ठेवली. पोरीला बोलू नका हं. फार हौसेनं केलीय."

शुक्रवार, ७ मार्च

तक्तेबाई केबिनमध्ये आली. बसली नाही.

"तुम्हाला सोमवारीच कळलं होतं?"

"हो."

"तुम्ही हातात घेऊन नीट बघितलीत, मॅडम. आणि काही बोलला नाहीत. म्हणून तर घरी नेली."