उजव्या टापेखालची धूळ

प्रिय दादा,

सारंगखेड्याच्या जत्रेतून आताच परत आले. पाय धुतले, दत्ताला हात जोडले आणि चूल तशीच ठेवून हिशेबाच्या वहीची मागची कोरी पानं पुढ्यात घेतली. पत्रासाठी वेगळा कागद आणणारी मी नव्हेच, हे तू जाणतोस. पण आज धीर नाही. दादा, तू दिसलास! तंबूतल्या पडद्यावर, घोड्यासकट, एवढा मोठा! हे दुसऱ्या कोणाला सांगू?

याच जत्रेतून तू गेलास ना रे? मुंबईची सिनेमा कंपनी घोडे घ्यायला आली होती. आबांनी आपली अबलख घोडी त्यांना दिली आणि तिच्या मागोमाग तूही निघालास. आबा त्या लोकांना एवढंच म्हणाले, "घोडी ईकेल शे मी, पोऱ्या नही." तरी तू गेलास. त्यानंतर वीस वर्षं आपल्या कोरीटच्या घरात तुझं नाव कोणी काढलं नाही.

पत्रं मात्र शहाद्याला माझ्या सासरी यायची, दर वेळी "मॅट्रिकबाईस" असा मायना. त्यातूनच मला सगळं कळायचं. आधी मुके सिनेमे, मग बोलके. नायकाचे कपडे घालून तू कड्यावरून उडी घ्यायचास आणि हार गळ्यात नायकाच्या पडायचा. लोकांनी तुझी पाठ शंभरदा पाहिली असेल, तोंड एकदाही नाही. दोनदा हाड मोडलं तेही तू गंमत म्हणून लिहिलंस! पुढे दाढी पिकली, तेव्हा अमेरिकेतल्या गुराख्यांसारखा वेश, गळ्यात रुमाल, कमरेला पिस्तुलं, आणि म्हाताऱ्या दरोडेखोराचं काम मिळालं. स्वतःचं तोंड दाखवून.

आणि मी काय लिहायची? नाटक-सिनेमाचा नाद सोड, घरी ये, आबांचे पाय धर. तुझा एकही सिनेमा मी पाहिला नाही. देवधर्म करणाऱ्या बाईनं तंबूत जाऊ नये, असं मला वाटायचं. याचं फार वाईट वाटतं रे.

तुझ्या शेवटच्या पत्रात होतं की, घोड्यावर बसण्याआधी उजव्या टापेखालची धूळ कपाळाला लावायची, ही आबांची शिकवण तू कॅमेऱ्यासमोरही पाळतोस. डायरेक्टर चिडतो, तेवढा तुकडा कापतो. "या खेपेला कापला नाही," असं लिहिलं होतंस. मागल्या वर्षी आषाढात तू गेल्याचं कार्ड आलं, ते मी कोरीटला आबांना वाचून दाखवलं. आबांनी अंघोळ केली. दोन पितृपक्ष गेले, तुझ्या नावाचं पान वाढू दिलं नाही.

यंदा जत्रेत आबांबरोबर फिरताना तंबूबाहेर टोपीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र दिसलं. नाक आपल्याच घराण्याचं! मी आबांना म्हटलं, आत एक घोडा आहे, तुमची पारख हवी. खोटं नव्हतं ते. घोडा म्हटल्यावर आबा दिवेलागणीच्या खेळाला बसले आणि मोठमोठ्यानं खोडी काढू लागले. हा पुढच्या पायानं अधू, त्याला लगामच कळत नाही. पुढचे लोक वळून वळून बघत होते.

मग तू आलास. वाकलास. उजव्या टापेखालची चिमूट उचलून, टोपी मागे सारून कपाळाला लावलीस. लोक हसले. अमेरिकेतला दरोडेखोर धूळ लावतो म्हणून! आबा मात्र उभे राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, म्हातारबा, बसा खाली, दिसत नाही. आबा वळलेसुद्धा नाहीत.

"मन्हा पोऱ्या शे तो," म्हणाले.

शेवटी तुला गोळी लागली, तू घोड्यावरून कोसळलास, मी तोंडाला पदर लावला. आबांनी माझा हात दाबला. "पडना नही तो. उतरना. पाय पहिलेच काढा त्यानी रिकिबीमाईन." पडला नाहीस, उतरलास! माझी नजर गोळीवर आणि त्यांची रिकिबीतल्या तुझ्या पायावर!

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. मी, दादा, तोच खेळ तीनदा! तुला हसू येतंय ना?

आज गाडी जुंपताना आबा बैलांकडे बघत म्हणाले, "पुढला पितरंमा दगडूनं पान वाढजो." दगडू. वीस वर्षांनी त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं. मी मान हलवली.

तेव्हा पान नक्की वाढीन, तुला आवडायची ती खापराची पुरणपोळी करीन आणि तुझ्या शेजारी आबांना बसवीन. आणि दरसाल जत्रेत एखाद्या उमद्या घोड्यापुढे वाकून चिमूटभर धूळ तुझ्या नावानं कपाळाला लावीन. बाईमाणसाला असं करताना बघून लोक हसतील. हसू देत. तुलाही हसलेच होते.

तुझी,
मॅट्रिकबाई