देव्हाऱ्यावरच्या माझ्या तसबिरीबाबत आणि इतर मालमत्तेबाबत

मी, आग्नेस मोक वाय-लाम, वय अडुसष्ट, अविवाहित, निवृत्त चित्रपट-समीक्षक, राहणार शांघाय स्ट्रीट, याउ मा तेई, हाँगकाँग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने काल पाहिलेला चित्रपट कुठे फसला ते मला विचारावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घाई मात्र आहे, आणि तिचे कारण मी आधीच सांगते, कारण पुढचे सगळे त्याच्याच सावलीत लिहिले आहे.

माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी लोक हो-यिंग एका भुताच्या चित्रपटात कला विभागात काम करते. त्यात एक आजी गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेली आहे आणि तिची तसबीर पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर हवी होती. हो-यिंगने माझ्या वाढदिवशी काढलेला माझा फोटो मोठा करून तिथे लावला. मला गंमत वाटेल म्हणून आधी सांगितले नाही.

जिवंत माणूस पडद्यावर मेलेला दाखवला की आमच्याकडे निर्माता पैशांचे लाल पाकीट देतो. ते घरी न्यायचे नसते. त्याच दिवशी बाहेर उडवून टाकायचे, म्हणजे अशुभही बाहेरच खर्च होते. तसबीर असेल तर चित्रण थांबताच तिच्या चेहऱ्यावर लाल कागद लावतात. इथे दिग्दर्शक तरुण. त्याने कागद लावू दिला नाही, म्हणे काचेवर डाग पडतात. आणि पाकीट हो-यिंगने घेतले, माझे आहे म्हणून कपाटात जपून ठेवले, आणि रविवारी जेवायला आली तेव्हा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले.

"मावशी, तुझी पहिली कमाई! जन्मभर नटनट्यांना नावं ठेवलीस, आता तूच नटी झालीस."

"कधी मिळालं हे?"

"मंगळवारी. मी हातसुद्धा नाही लावला हं." मग तिने माझा चेहरा पाहिला. तिचे हात तसेच पुढे राहिले. "मावशी... ते त्याच दिवशी खर्चायचं असतं, ना?"

मी म्हटले, मला नन्सनी वाढवले आहे, मी असले काही मानत नाही, मासा गार होतोय. तिने मासा खाल्ला नाही.

चित्रण माझ्याच रस्त्यावरच्या एका रिकाम्या केलेल्या इमारतीत, तळमजल्यावर चालले होते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या फान मुक-लान यांनी उघड्या खिडकीतून पाहिले. त्या रविवारनंतर दोन दिवसांनी मी भाजीला गेले तर त्या जुडी हातात घेऊनच मागे सरकल्या.

"मोक बाई! तुम्ही हिंडताय?"

"मग काय करू?"

"अहो, मी तुमच्यासाठी कागद जाळले! धूप, संत्री, मधोमध तुम्ही. म्हटलं, गेल्या बिचाऱ्या, कोणी कळवलंही नाही. वर तुम्हाला पोचाव्यात म्हणून कागदी नोटा जाळल्या, कागदी चपलाही जाळल्या. तुमचा पाय सुजतो म्हणून एक माप मोठ्या." मग आवाज खाली आला. "आता त्या परत कशा मागवायच्या हो?"

आम्ही दोघी हसलो. मी आधी थांबले, कारण खोकला आला. त्याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रेचे चित्र उजेडात धरून उजव्या फुफ्फुसातली सावली दाखवली. अशी सावली एका महिन्यात वाढत नाही, वर्षे लागतात, असे ते म्हणाले. मी हे शब्दशः हो-यिंगला सांगितले. ती म्हणाली, "मग ती पाकिटानंतरच का दिसली?"

चित्रण संपले. सामान आवरताना माझी तसबीर कोणाला सापडली नाही. ती कुठेतरी आहे, उघड्या चेहऱ्याने. हो-यिंग आता रोज सकाळी फोन करते. आधी बोलत नाही, माझा श्वास ऐकते.

मी मरणार, हे काही नवे नाही. पण मी गेल्यावर ही मुलगी जन्मभर समजेल की मावशीला तिने मारले. ते होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र आहे. बाकीची मालमत्ता ओघाने येते.

कलम पहिले. राहते घर, भांडी, आणि शेगडीवरच्या देवासकट स्वयंपाकघर हो-यिंगला. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेला, या अटीवर की दरवर्षी मुलींना एक कँटोनीज चित्रपट दाखवावा, आणि तो बोधपर नसावा. सिस्टर इमॅक्युलाटांनी माझ्या प्रार्थनापुस्तकातून उडत्या भुतांच्या चित्रपटाचे तिकीट काढून फाडले होते. "आग्नेस, पवित्र आत्मा एकच पुरेसा आहे," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या त्या वाक्याची वेळ इतकी अचूक होती की पुढे विनोदी चित्रपट जोखताना मी तेच माप धरत आले. त्यांच्यावर माझा राग नाही. तिकीट मात्र पुढच्या रांगेचे होते.

कलम तिसरे. माझी बसायची उशी प्राध्यापक याउ यांना. त्यांनी भर सभेत आमच्या चित्रपटांना 'लाथा, चेटूक आणि शौचालय' म्हटले होते. चहाच्या वेळी मी विचारले की यातला शेवटपर्यंत कोणता पाहिलात, तर म्हणाले, "बाई, अंडं नासलंय हे कळायला ते सगळं खावं लागत नाही." उशी मऊ आहे. आता तरी शेवटपर्यंत बसावे.

कलम चौथे. माझी मते. ती कोणालाही घेता येतील, पण तोडून घेऊ नयेत, म्हणून इथे लिहिते.

मारामारीचा चित्रपट मारणाऱ्याचा नसतो, पडणाऱ्याचा असतो. हे मला वरच्या मजल्यावरच्या कान शिऊ-पाक यांनी शिकवले. ते उमेदीची सगळी वर्षे दुसऱ्यांच्या वतीने जिन्यांवरून पडले. पडल्यावर उठायच्या आधी माणूस क्षणभर जमिनीला हात लावून पाहतो. तो क्षण कापणारा संपादक मला कधीच आवडला नाही. कान यांना मी साक्षीदार केल्यामुळे काही देता येत नाही. ते म्हणाले, "माझं नाव पडद्यावर कधी आलं नाही, बाई. इथं तरी येऊ द्या."

विनोदी चित्रपट नववर्षाला येतात, सगळे एका टेबलाशी बसतात, सगळे एकदम बोलतात, कोणी कोणाचे ऐकत नाही. मी त्यांना स्तंभात अनेकदा आळशी म्हटले. माझी बहीण गेली त्या वर्षी तो शेवटचा टेबलाचा प्रसंग मी डोळे मिटून नुसता ऐकला. आळशी हा शब्द मी मागे घेत नाही, पण तो प्रसंग कोणी कापू नये.

भुताच्या चित्रपटाबद्दल माझे मत असे की आमच्या भुताला सूड क्वचितच हवा असतो. त्याला जेवण हवे असते, नाव हवे असते, देव्हाऱ्यावर जागा हवी असते. ज्याला हे मिळाले ते भूत घाबरवत नाही. ज्याची तसबीर कुठे टांगली आहे हे घरच्यांनाच माहीत नाही, ते घाबरवते. हे मी पुष्कळ वर्षांपूर्वी लिहिले होते. परवा पुन्हा वाचले आणि दिवसाढवळ्या खोलीतला दिवा लावला.

हो-यिंगच्या चित्रपटाचे मी एकच दृश्य पाहिले. त्यांनी फोटोतले माझे डोळे गडद केले आहेत, ते ठीक. पण तसबीर फार उंच लावली आहे. मेलेल्या माणसाने जिवंतांच्या डोळ्यांत पाहिले पाहिजे, डोक्यावरून नव्हे. कला विभागाने नोंद घ्यावी.

कलम पाचवे, ज्यासाठी बाकीची चार लिहिली. या कलमावर माझे वकील श्री. शेक अडून बसले.

"मिस मोक, हे मालमत्तेचं कलम नाही."

"तसबीर माझी आहे ना?"

"आहे. पण तुम्ही लिहिलंय, हा फोटो तुम्ही वाढदिवशी स्वतःच्या अंत्यविधीसाठी काढवून घेतला. हे खरं आहे?"

"आमच्यात म्हातारी माणसं आधीच काढून ठेवतात. त्यानं आयुष्य वाढतं म्हणतात."

"रीत मलाही माहीत आहे, माझ्या आईनं काढलाय. मी तुमचं विचारतोय."

"हो-यिंग कॅमेरा धरून होती. मी तिला म्हटलं, नीट काढ गं, शवपेटीपुढे हाच लावायचाय."

"ते तुम्ही गमतीत म्हणालात."

"कायद्यात असं कुठे लिहिलंय की गमतीत म्हटलेलं धरायचं नाही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "लिहा."

म्हणून मी जाहीर करते: वरील फोटो माझ्या सांगण्यावरून, माझ्या अंत्यविधीसाठी काढलेला आहे. तो मरणाचाच होता, आणि तसा शुभ होता. मूळ तसबीर सापडली नाही तर त्याच फोटोची नवी प्रत करावी, डोळे गडद न करता. अंत्ययात्रेत ती हो-यिंगने धरावी, स्वतःच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे लोकांना माझ्याकडे मान वर करून पाहावे लागणार नाही. चित्रपटाने माझ्या अंत्यविधीची तसबीर काही दिवस उसनी नेली. चित्रपटातले मरण माझ्याकडे आलेले नाही. हा क्रम कोणी उलटा सांगू नये. हो-यिंग, तूसुद्धा नाही.

मृत्युपत्रातून जिला काही मिळते तिने सहीच्या वेळी खोलीत थांबू नये असे श्री. शेक म्हणतात, म्हणून ती दाराबाहेर बसली आहे. थोड्या थोड्या वेळाने "मावशी?" अशी हाक मारते. मी "आहे" म्हणते. हे लिहून होईपर्यंत प्रत्येक हाकेला मी ओ दिली आहे, आणि ती खालील साक्षीदारांनी ऐकली आहे.

(सही) आग्नेस मोक वाय-लाम

मोक बाईंनी आमच्यासमोर आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समोर सही केली:
१. फान मुक-लान, भाजीविक्री, शांघाय स्ट्रीट
२. कान शिऊ-पाक, निवृत्त, चित्रपटांत पडण्याचे काम

याउ मा तेई, हाँगकाँग
११ नोव्हेंबर २०२३