टू-सीटरला कूलर हवा का?

२४ सप्टेंबर १९५६

पद्माची बदली आली! एक नोव्हेंबरला नवा मध्यप्रदेश होणार, सेक्रेटरिएट भोपाळला जाणार, आणि त्याच्याबरोबर आमची ही टायपिस्ट. पोरगी जेवताना हसत होती — "आई, टाइपरायटर जाएगा तो मैं भी जाऊँगी ना!" मी कुठे राहणार, हे विचारावंच लागलं नाही. "तू माझ्याबरोबर." झालं.

राहिली गाडी.

२५ सप्टेंबर

मुकुंदराव भाऊजी आले होते. चहा झाल्यावर म्हणाले, "वहिनी, टू-सीटर विकून टाका. दादांची हौस होती, ठीक. पण ती तापते. तुम्ही दोघी बायका, भोपाळपर्यंतचा रस्ता — शिवपुरीच्या जंगलात बंद पडली तर?" गिऱ्हाईकही ठरवून आलेत. शिवाजीराव. आमच्या जयेंद्रगंजातलेच.

पद्मा म्हणाली, "काका, मी चालवते रोज. कहाँ तापते?"

"आणि गेल्या दसऱ्याला काय झालं?"

ती कप गोळा करू लागली. गेल्या दसऱ्याला मिरवणुकीत महाराजांच्या वाड्यापर्यंत जाऊन येईतो इंजिनातून वाफ निघाली होती.

मी म्हटलं, पितृपक्ष चालू आहे, आत्ता सौदा नको. दसरा होऊ द्या. भाऊजींना ते पटलं. मला वेळ मिळाला.

२६ सप्टेंबर

संस्थान विलीन झालं तेव्हा सरदारांकडच्या किती गाड्या विकायला निघाल्या! त्यातली ही एक. कोर्टातून येताना हे लाल, उघडी, दोन माणसांची गाडी घेऊन आले. मी म्हटलं, आपण तिघं, आणि जागा दोन? म्हणाले, "पद्मा मांडीवर." पद्मा तेव्हा सतरा वर्षांची!

हे गेल्याला तीन वर्षं होतील. अजून गाडीचा आवाज आला की हात पदराला पुसते.

२९ सप्टेंबर

आज ह्यांची तिथी. पान वाढलं. कावळा लगेच आला. नंतर दुपारभर झोपले.

१ ऑक्टोबर

किला गेटला दौलतसिंहाच्या गराजात गेले. ह्यांच्या वेळेपासून तोच गाडी बघतो. सरळ विचारलं, गाडी तापते त्यावर काय?

म्हणाला, "ऑइल कूलर, बाईसाहब. बंबई से आएगा."

कूलर म्हणजे नळ्यांची एक छोटी चौकट. पुढे वाऱ्यात बसवायची. इंजिनातलं तेल त्यातून फिरून निवतं. पण बसवायला गाडीचा पुढचा पत्रा कापावा लागेल. हे तो पत्रा स्वतःच्या धोतराने पुसत असत.

"खरंच लागतो का?" मी विचारलं.

त्याने हातांकडे पाहिलं. "साहब तो यही कहते थे."

हो, म्हणत असत. दर दसऱ्यानंतर. "एक कूलर बसवायला हवा, बरं का." मग राहून जायचं.

३ ऑक्टोबर

ह्यांची मोटारींची इंग्रजी मासिकं ट्रंकेत होती. काढली. डिक्शनरी घेऊन बसले. तीन ओळींना एक शब्द अडतो, पण चालतंय. मराठी शाळेत चार इयत्ता, पुढचं सगळं मी असंच वाचत आले.

एकाने लिहिलंय, शर्यतीत पळवणाऱ्याला कूलर हवाच. दुसरा म्हणतो, गावात चालवणाऱ्याला कशाला? तेल तापायलाच हवं! न तापलेलं तेल दाट राहतं, आत साचलेला ओलावा उडत नाही, इंजिन झिजतं. हे मला लगेच समजलं. कढईतलं तेल तापलं नाही तर पुरी तळाशीच बसते.

म्हणजे प्रश्न वेगळाच आहे. बाजारापर्यंत जाणारी गाडी तापतेच का?

७ ऑक्टोबर

पद्माला काम दिलंय — येता-जाता तेलाच्या दाबाचा काटा बघायचा. तेल फार तापलं की पातळ होतं आणि काटा खाली येतो. ती वैतागलीय. "आई, मैं रास्ता देखूँ कि काँटा?" पण बघते.

काटा जागचा हलत नाही. बिर्लानगरपर्यंत जाऊन आली, उन्हात. हलला नाही.

११ ऑक्टोबर

आज सापडलं!

दसऱ्यासाठी हार ओवायला बसले होते. झेंडू, मध्ये आंब्याची पानं. आमच्याकडे गाडीचा हार मनगटाएवढा जाड असतो. माझ्या हातचा. गल्लीत कोणाच्या गाडीला तसा नसतो. आणि तो पडतो कुठे? पुढच्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इंजिनाला वारा जातो तो त्याच जाळीतून.

सुई तशीच हातात राहिली. गाडी तापलेली मला आठवते ती किती वेळा? दर वेळी दसराच! घोड्यांच्या मागे मिरवणुकीत पावलापावलाने जायचं, आणि वरून तोंड दाबलेलं. कोणीही गुदमरेल.

हसू आलं. मग थोडं रडूही. हार अर्धा ओवून ठेवला.

१४ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा केली. हार जाळीवर नाही, काचेवर घातला. भाऊजी बघतच राहिले. "वहिनी, हे काय? दसऱ्याला गाडीचं तोंड मोकळं?"

म्हटलं, "तुम्ही बसा पद्माबरोबर. काटा बघा."

बसले बिचारे, पगडी सांभाळत. घोड्यांच्या मागे वाड्यापर्यंत गेले, सोनं वाटून परत आले. मी दारात उभी. वाफ नाही, काही नाही!

"काटा?"

"तिथेच होता," भाऊजी म्हणाले. मग, "शिवाजीरावांना काय सांगू?"

"सांगा, गाडी भोपाळला चालली."

आपट्याचं पान हातात ठेवून भाऊजी वाकले. मी पाठीवर हात ठेवला. चांगला माणूस आहे. काळजीने बोलत होता, एवढंच.

२० ऑक्टोबर

बांधाबांध. भांडी कमी, पुस्तकं जास्त. पद्मा म्हणते, "गाडीत ह्यातलं काहीच मावणार नाही." सामान रेल्वेने. आम्ही दोघी टू-सीटरने. मांडीवर कोणी नाही.

मन शांत आहे. गाव सुटतंय तरी.

२७ ऑक्टोबर

दौलतसिंह तेल बदलायला आला होता. मी मोठ्या ऐटीत त्याला सगळं सांगितलं — हार, जाळी, वारा. कूलर वगैरे काही लागत नाही!

त्याला काहीच नवल वाटलं नाही. हात पुसत म्हणाला, "अब आपने ख़ुद पकड़ लिया, तो क्या छुपाना. हमको तो पहले साल से मालूम था, बाईसाहब. साहब को भी."

"काय?"

"हर दशहरे पर हम कहते, साहब, हार ज़रा सरका दूँ? हमारा हाथ पकड़ लेते. कहते, रहने दे, घर से बनकर आया है. और ख़बरदार जो बाईसाहब से कहा. पूछें तो कूलर बता देना."

तो गेल्यावर स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते. डाळ करपली.

२९ ऑक्टोबर

निघालो. पहाटेच उठून हार केला. मनगटाएवढा. जाळीवर घातला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पद्मा ओरडली, "आई! फिर से?"

म्हटलं, गावाबाहेर पडेपर्यंतच. तिथे थांब, मी उतरून काढते.

वस्ती संपली तिथे तिने गाडी थांबवली. काटा उतरू लागला होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

म्हटलं, अजून थोडी पुढे चल.