मनगट पिळायचं नाही

शनिवार, ४ मार्च
आजपासून बिल्डिंगमागे जाळी बांधून सूनबाईला कर्व्हबॉल शिकवायला घेतला. तिच्या ऑफिसच्या बेसबॉल टीमला पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, मिळेना, म्हणून ही उभी राहिली आणि व्हिडिओ बघून मनगट पिळत बसली. कोपर आतून दुखतं म्हणाली. दुखणारच! इतकी वर्षं शाळेच्या मुलींना शिकवलं, एकीचंही कोपर जाऊ दिलं नाही. मनगट पिळायचं नसतं. ते ताठ ठेवायचं, कोपर खांद्याच्या रेषेत, आणि मधल्या बोटाने बॉलची शिवण खाली ओढायची. बॉल आपला आपण वळतो आणि खाली पडतो.
चिरंजीव आले नाहीत. काम असणार. मी विचारलं नाही. विचारत बसणाऱ्या सासवा मला आवडत नाहीत.
संकल्प: स्वतः एकही बॉल टाकायचा नाही. या वयात फक्त तोंडी शिकवायचं.

शनिवार, ११ मार्च
चार बॉल टाकले. तोंडी सांगून मनगट दिसत नाही, त्याला मी काय करणार?
आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर झगा कमरेला खोचून कर्व्ह टाकायच्या. बॉल असा झकास वळून खाली पडला की स्वतःच लाजायच्या. आज फार आठवण आली.
सूनबाई मध्येच म्हणाली, आई, एक बोलायचं होतं. म्हटलं, आधी बोटं. शिवणीवर बोटं नीट बसल्याशिवाय गप्पा नाहीत. डोळे लाल दिसले. बिल्डिंगमागच्या झाडांना फुलोरा आलाय, सोसत नसेल तिला.

सोमवार, १३ मार्च
उजवं कोपर जड. जामच्या बरणीचं झाकण घट्ट होतं. कर्व्हशी संबंध नाही.

शनिवार, १८ मार्च
सूनबाईच्या गाडीत मोठी बॅग आणि खोकी. घर आवरायला काढलंय वाटतं. पहिल्यापासून टापटिपीची.
खेळता खेळता म्हणाली, आई, मी सोडायचं ठरवलंय. म्हटलं, अगं, तिथेच तर घोळ आहे, तू फार उशिरा सोडतेस. हात चेहऱ्याच्या पुढे आला की सोडून मोकळं व्हायचं. तिने बॉल मुठीत फिरवला. मग हळूच म्हणाली, हो, उशीरच झाला. हुशार आहे पोरगी. एकदा सांगितलं की कळतं.
थोडेच कर्व्ह टाकू दिले. दमलेल्या हाताने टाकायला गेलं की इजा होते. दुखलं तर लगेच सांगायचं, लपवायचं नाही, असंही बजावलं. नंतर दोघींनी चहा घेतला. मी डाव्या हाताने ढवळला.

मंगळवार, २१ मार्च
चिरंजीव आले. एकटेच. बुटांसकट दारात उभे. म्हणाले, आई, आम्ही वेगळे झालोय. ती सांगणार होती तुला, पण तू बोलूच देत नाहीस म्हणे.
म्हटलं, भांडणं कोणाची होत नाहीत? तुझे बाबा आठवडा आठवडा अबोला धरायचे. तर म्हणतो, भांडण नाही गं आई. भांडण असतं तर बरं झालं असतं.
जेवला. आपणहून भांडी घासली. ही सवय नवीन.
माझा प्लॅन तयार आहे. ती पिचर, हा कॅचर. समोरासमोर उभे केले की निम्मं काम झालं. बाकीचं कर्व्ह बघून घेईल.

शनिवार, २५ मार्च
दोघं आले. त्याला गीझर बिघडलाय म्हणून बोलावलं होतं. ती दिसली तसा म्हणाला, आई, कमाल आहे तुझी. तरी ग्लोव्ह घातला.
ती टाकायची, हा म्हणायचा, छान. ती म्हणायची, थँक्स. एकमेकांशी इतकं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लग्न नवीन होतं तेव्हा झेलाझेली खेळताना हा ओरडायचा, काय फेकतेस म्हातारे, आणि ती ग्लोव्ह काढून त्याच्या पाठीत घालायची. आज कोणी कोणाच्या पाठीत काही घातलं नाही. तरी मला आशा वाटली.
म्हटलं, मीच एक टाकून दाखवते, जरा हसतील. कोपरातून अशी कळ आली की खालीच बसले. दोघं दोन बाजूंनी धावले. कधीपासून दुखतंय? एकदमच विचारलं दोघांनी. मी बरणीचं सांगितलं. सूनबाई म्हणाली, आई, मला बजावता, आणि स्वतः?
डॉक्टरकडेही दोघं आले. दोन गाड्यांनी.

शनिवार, १ एप्रिल
अक्षर डाव्या हाताचं आहे. उजवा गळ्यातल्या झोळीत.
सूनबाई आली. आज शिकवणं शक्यच नव्हतं, तेव्हा पायरीवर शेजारी बसवून घेतलं आणि म्हटलं, बोल. खूप वेळ बोलली. मी मध्ये बोलले नाही. तिने दुसऱ्या गावी बदली मागून घेतलीय, गुरुवारी निघायचंय. मला मनातून वाटत होतं, कर्व्ह अजून कच्चा आहे, तेवढ्यासाठी तरी शनिवारी येत राहील.
मग उठली आणि जाळीत एक टाकला. मनगट ताठ. बॉल सरळ गेला आणि प्लेटपाशी, बॅटवाला उभा राहतो तिथे, एकदम वळून गुडघ्याखाली पडला. शिकवण्यासारखं काही उरलं नाही.
निघताना घुटमळली. म्हणाली, आता तुम्हाला काय हाक मारू, कळत नाहीये. मी मैदानावरचा आवाज काढला. कोच म्हण की! मला वाटलं, म्हणेल, काहीतरीच काय, आईच म्हणणार.
तिने जरा विचार केला. म्हणाली, हो, ते बरं पडेल.
गाडी सुरू केली, काच खाली घेतली आणि म्हणाली, येते, कोच.