मामांच्या चित्रातले चार वाजून दहा

रुआं, ४ जून १७७०

चि. सिदोनीस आंसेल्ममामाचे पोटभर आशीर्वाद.

माझं चित्र घेऊन पॅरिसला सुखरूप पोचलीस, बरं झालं. नाक माझंच आहे, तक्रार नाही. पण काल दुकानात बसलो असता ध्यानात आलं: चित्रात माझ्या हातातल्या ठेवणीतल्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं, आणि ऊन थेट तोंडावर! माझी खिडकी पूर्वेची. दुपारी चारला तिथे मांजरसुद्धा ऊन शोधत नाही. गुरूशिवाय, मोडकी घड्याळं उघडून हा धंदा शिकलो, तो चुकीच्या वेळेसकट चौकात टांगून घ्यायला नव्हे. काटे हलव, नाहीतर मला टांगू नकोस.

तुझा, वेळेचा पक्का मामा

पॅरिस, ७ जून

ती. मामांस सिदोनीचा वाकून नमस्कार.

आता काटे रंगवले तर सणापर्यंत वाळायचे नाहीत. ख्रिस्तशरीराच्या सणाला आम्हा नवख्यांना दोफीन चौकात चित्रं टांगू देतात, वर्षातून एकदा, तेही दुपारपर्यंतच. बाबांनी बजावलंय, त्या सकाळी एक तरी काम मिळालं नाही तर ब्रश चुलीत आणि मी त्यांच्या हातमोज्यांच्या दुकानात, कायमची. दुसरं चित्र माझ्याकडे नाही.

आणि मामा, रागावू नका, दिसलं तेच काढलं. तिन्ही सकाळी तुम्ही छाती काढून बसलात आणि घड्याळाला चावी द्यायला विसरलात. ते बंद होतं. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. टांगू ना?

होकाराकडे डोळे लावलेली,
सिदोनी

रुआं, ९ जून

चि. सिदोनीस आशीर्वाद, जरा कमीच.

माझं घड्याळ बंद पडत नाही. तुझी मामी हसते आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. टांग. पण खाली माझं नाव लिहू नकोस.

मामा

पॅरिस, १५ जून

ती. मामांस सिदोनीचा आनंदाने नमस्कार.

काल सणाला पाऊस आला नाही. अकरापर्यंत लोक आले नि गेले. मग मादाम कुर्तव्हाल, एका न्यायाधीशांच्या विधवा, थबकल्या. ऊन सकाळचं आहे म्हटल्यावर, मग चार कसे वाजले, म्हणाल्या. मी घाबरत खरं ते सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, घड्याळजीचं बंद घड्याळ जी झाकत नाही, ती माझी एकही हनुवटी चोरणार नाही, तिन्ही काढ! पंचवीस तारखेला बोलावलंय. बाबांनी माझे ब्रश स्वतः धुतले.

नाव लिहिलं नव्हतं मामा, पण बोलण्याच्या भरात सांगून बसले. पोटात घाला.

तुमचीच, सिदोनी

रुआं, १८ जून

चि. सिदोनीस हातचं न राखता आशीर्वाद.

तू गेल्यापासून ते घड्याळ खणात होतं. आज मामीसमोर काढलं. चार वाजून दहा. एका मिनिटाचीही चूक नाही, पोरी.

तेच सोबत पाठवतो आहे, मादामकडे वेळेवर जायला. रोज सकाळी चावी देत जा. आपल्या घरात विसरणारा एक पुरे.

तुझा मामा